चूल मांडेल त्याचे गाव

दिवाळी म्हणजे माणसांनी घरी यायचा सण, अशी आपली शहरातल्यांची समजूत आहे. मुलगा पुण्याहून येतो, लेक भाऊबीजेला माहेरी येते, आणि एस.टी.च्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. मराठवाड्यातल्या शेकडो गावांत मात्र दिवाळी झाली की घरे बंद होऊ लागतात. लक्ष्मीपूजनाच्या पणत्या विझतात न विझतात तोच अंगणात ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. त्यात भांडी, अंथरुणे, ज्वारी-बाजरीची पोती, एखादी शेळी आणि लेकरे चढतात. दाराला कुलूप लागते आणि सगळे घर ऊसतोडीला निघते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कुत्री.

गेल्या दिवाळीनंतरचे चार दिवस मी वडीगोद्रीला होतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातला हा गाव. औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, बीडला जाणारी गाडी ज्यांनी धरली आहे, त्यांनी ही पाटी नक्की वाचली असेल. इथून पुढे शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. या मुलुखाची तऱ्हा अशी की, इथे कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊसही आहे आणि दुसऱ्यांचा ऊस तोडायला जाणारी माणसेही आहेत. एका बाजूने बाहेरच्या टोळ्या इथल्या फडात उतरतात, आणि दुसऱ्या बाजूने जवळपासच्या कोरडवाहू गावांतली बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे चालू लागतात. आमचे एक शिक्षक मित्र त्या बाजूला नोकरीला आहेत. त्यांच्याकडे माझा मुक्काम होता.

जाताना खिशात एका वाचक भगिनींचे पत्र होते. त्यांचा प्रश्न मोठा नेमका होता. त्या लिहितात, “पोर्तुगीज आले, त्यांच्या खुणा वसईपासून गोव्यापर्यंत घराघरांत दिसतात. इंग्रज आले, ते अजून आमच्या मुलांच्या तोंडून जात नाहीत. मग फ्रेंच एवढी वर्षे आपल्या मुलुखात वावरले, त्यांची वस्ती आपल्याकडे का नाही? त्यांची माणसे गेली कुठे?” प्रश्न फ्रेंचांचा होता. उत्तराचा अर्धा भाग मला जुन्या इतिहासात मिळाला आणि उरलेला वडीगोद्रीच्या उसात. तो दोन्हींसकट इथे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की फ्रेंच आपल्याकडे आले होते, आणि थोडेथोडके नव्हे. १६६७ साली थेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी औरंगाबादेस आला आणि वेरूळची लेणी पाहून गेला. युरोपला त्या लेण्यांची ओळख करून देणारा तो पहिलाच म्हणतात. पण तो पाहुणा होता. खरे फ्रेंच आले ते तोफा घेऊन. १७५१ साली सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवून बुसी नावाचा सेनापती औरंगाबादेत येऊन राहिला. पुढची सात वर्षे निजामाच्या दरबारात त्याचाच शब्द चाले. फ्रेंच माणूस दुसऱ्याला ‘मोस्यू’ म्हणून हाक मारतो. आपल्या कारकुनांनी तेवढे ऐकले आणि त्याचे ‘मुसा’ केले. बुसीचा झाला ‘मुसा बुसी’. त्यांच्या पाँडिचेरीची आपण ‘फुलचरी’ केली आणि त्यांना स्वतःला ‘फरासीस’. परक्याला पोटात घेताना मराठी भाषा त्याला आधी आपले कपडे घालते!

त्यांच्याकडून आपण एक शब्द मात्र जपून ठेवला आहे. तो ऐकला की अजून अंगावर काटा येतो. बुसीच्या कवायती पायदळातल्या शिपायांना ‘गारदी’ म्हणत. फ्रेंचांच्या ‘गार्द’ शब्दावरून तो आला असे मानतात. त्याच तालमीतला इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेला, इमानाने लढला आणि तिथेच संपला. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावावर तलवार उचलणारेही गारदीच. एकाच शब्दाच्या पोटात एवढी निष्ठा आणि एवढा घात!

नंतरची पिढी आणखी मोठी. वडीगोद्रीहून उत्तरेला निघालात तर भोकरदनजवळ असई लागते. दक्षिणेला बीड ओलांडून जामखेडच्या बाजूला गेलात तर खर्डा लागतो. दोन्ही लढाया आपण शाळेत शिकलो. पण ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला काय झाले ते पाहा. निजामाच्या बाजूने कवायती पलटणी घेऊन उभा होता मुसा रेमाँ. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, आणि त्यांच्या पुढे होता पेराँ. दोघेही फ्रेंच. आपल्या मातीत, आपल्या माणसांना परस्परांवर घालून, दोन फ्रेंच आपापल्या धन्यांचा पगार हलाल करीत होते. शिंद्यांच्या या फौजेची घडी बसवली होती महादजींच्या पदरच्या द बॉइन्यने. तो सव्हॉय प्रांतातला. त्याचा गाव त्या वेळी फ्रान्सच्या राजाखाली नव्हता, पण घरात बोलत ते फ्रेंचच.

हे सगळे शेवटी गेले कुठे? रेमाँ २५ मार्च १७९८ रोजी हैदराबादेस वारला. त्याच वर्षी निजामाने इंग्रजांशी तह केला आणि रेमाँच्या सुमारे चौदा हजार शिपायांची शस्त्रे खाली ठेवून घेतली. फ्रेंच अधिकाऱ्यांची रवानगी झाली. रेमाँवर लोकांचा इतका जीव की, मुसलमान त्याला ‘मुसा रहीम’ म्हणत आणि हिंदू ‘मुसा राम’. हैदराबादेतल्या एका भागाला अजून मुसारामबाग म्हणतात. टेकडीवर त्याची समाधी आहे आणि पुण्यतिथीला तिथे पुष्कळ वर्षे उरुसासारखा मेळा भरत असे. मोस्यूचा मुसा झाला, मुसाचा राम झाला, पण त्या रामामागे लवकुश राहिले नाहीत.

२३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईपर्यंत शिंद्यांचे पुष्कळसे युरोपी अधिकारी नोकरी सोडून गेले होते. त्या दिवशी कवायती पलटणींचा म्होरक्या पोलमन नावाचा जर्मन होता. पेराँने त्याच वर्षी इंग्रजांकडून सुखरूप वाट मागून घेतली आणि मिळवलेला पैसा घेऊन तो फ्रान्सला परतला. द बॉइन्य त्याच्याही आधी, १७९६ च्या सुमारास गेला. शाँबेरी या आपल्या गावी त्याने इतका दानधर्म केला की, गावकऱ्यांनी १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ चौकात चार हत्तींचे कारंजे उभारले. चारही हत्तींची तोंडे बाहेर, मागचे धड कुणालाच नाही. गावचे लोक त्यावरून अजून थट्टा करतात.

पण मला त्या हत्तींपेक्षा एका बाईची आठवण जास्त येते. द बॉइन्यने इथे नूर नावाच्या स्त्रीशी संसार मांडला होता. दोन मुले झाली. जाताना तो तिघांनाही विलायतेला घेऊन गेला. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याने एका सरदारघराण्यातल्या तरुण मुलीशी लग्न केले. नूर इंग्लंडातल्या ससेक्स परगण्यात एकटी राहिली आणि १८५३ साली तिथेच वारली. परदेशगमन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आगबोटी आणि पदव्या येतात. हिंदुस्थानातून युरोपात गेलेल्या पहिल्यावहिल्या स्त्रियांतली ही एक, आणि तिच्या वाट्याला आले एक परके गाव आणि अर्धशतकाचे एकटेपण.

वाचक भगिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. हे फ्रेंच आले ते कमावण्यासाठी. आले ते एकटे पुरुष. बरोबर ना आई, ना बायको, ना बहीण. ज्यांनी इथे घरे केली त्यांची मुले आईच्या भाषेत वाढली आणि दोन पिढ्यांत आपल्यातच विरून गेली. जे धनवान झाले ते थैली बांधून परतले. तलवारीने मुलूख मिळत असेल, वस्ती मिळत नाही. वस्तीला चूल लागते.

ही गोष्ट खुद्द फ्रान्सच्या राजाला कळली होती. आजच्या कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंचांनी वसाहत केली, पण तिथेही सगळे शिपाई आणि कातड्याचे व्यापारी. वस्ती काही वाढेना. तेव्हा चौदाव्या लुईने १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत सुमारे आठशे उपवर मुली सरकारी खर्चाने बोटीत बसवून तिकडे पाठवल्या. ‘राजाच्या लेकी’ असे त्यांचे नाव पडले. पुढे शंभर वर्षांच्या आत इंग्रजांनी तो मुलूख जिंकला, तेव्हा तिथे साठ-सत्तर हजार फ्रेंच होते. राज्य गेले, निशाण गेले, पण भाषा गेली नाही. आज क्वेबेकमध्ये लाखोंच्या घरातली आई मुलाला फ्रेंचमध्येच झोपवते. त्याच लुईने १६८५ साली आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा दोनेक लाख माणसे देश सोडून गेली. विणकर, घड्याळजी, सोनार अशी कसबी माणसे लंडनला, बर्लिनला, आफ्रिकेच्या टोकाला केपपर्यंत गेली. ती कुटुंबकबिल्यासकट गेली म्हणून टिकली. राजाने पाठवली त्यांनी वस्ती केली, राजाने हाकलली त्यांनीही केली. फक्त आपल्याकडे आलेल्यांनी केली नाही.

नाही म्हणायला एक अपवाद सांगितला पाहिजे. सव्हॉयमधल्याच अ‍ॅनसी गावाहून संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फादर १८४५ साली हिंदुस्थानात उतरले. नागपुरात १८७० साली त्यांची शाळा निघाली. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा ते आपल्या औरंगाबाद जिल्ह्यात घोगरगावला पोचले आणि खेड्यापाड्यांतल्या दलितांच्या वस्त्यांत वावरू लागले. त्यांनाही बायकामुले नव्हती. पण त्यांनी गावकऱ्यांची मराठी शिकून घेतली आणि शेवटची माती इथलीच घेतली. त्यांच्या मागे जो समाज राहिला तो फ्रेंच नाही. तो नावाने ख्रिस्ती आणि बोलण्या-चालण्याने अस्सल मराठवाडी आहे.

आता उत्तराचा दुसरा भाग, म्हणजे उसाचा.

वडीगोद्रीला मी माझ्या शिक्षक मित्राच्या वर्गात बसलो होतो. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली होती. हजेरीपटावर चाळीस नावे, वर्गात सव्वीस मुले. “बाकीची?” मी विचारले. मित्र म्हणाला, “फडात.” वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, बराच विटलेला. मुलांशी काहीतरी बोलावे म्हणून मी त्यावरचा मॉरिशसचा ठिपका दाखवला आणि सांगितले, “इथेसुद्धा आपली मराठी माणसे ऊस तोडायला गेली होती बरे का, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी.” मुले एकदम सावरून बसली. ऊसतोड हा विषय त्यांना शिकवावा लागत नाही.

ती हकिकत अशी. हिंदी महासागरातले हे बेट डचांनी टाकून दिले आणि १७१५ साली फ्रेंचांनी घेतले. ‘फ्रान्सचे बेट’ असेच त्याचे नाव ठेवले. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या सँ मालो, लॉरियाँ अशा बंदरांतून फ्रेंच कुटुंबे तिथे जाऊन राहिली. सँ मालोचाच लाबूर्दोने १७३५ साली तिथला गव्हर्नर झाला. त्याने पोर्ट लुई बंदर बांधले आणि उसाला उत्तेजन दिले. बांधकामाला त्याने फुलचरीहून गवंडी-सुतार नेले. म्हणजे आपली माणसे तिथे पोचली ती ऊस तोडायला जाण्याच्याही आधी. १८१० साली इंग्रजांनी ते बेट जिंकले, पण तह असा झाला की फ्रेंचांची भाषा, धर्म, कायदे आणि मालमत्ता यांना हात लावायचा नाही. निशाण इंग्रजांचे, मळे फ्रेंचांचे! त्यांचे वंशज आज तिथे शंभरात दोन असतील-नसतील, पण जुन्या मळ्यांची मालकी पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्यांत राहिली. ही फ्रेंचांची खरी वस्ती. बायकामुलांनिशी आलेली, चूल मांडलेली.

पण त्या चुलीला लाकडे तोडायची कुणी? आधी मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. मोकळे झालेले लोक पुन्हा फडात पाय ठेवीनात. त्याआधीच मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून निघालेले छत्तीस मजूर तिथे उतरले आणि पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. पाच वर्षांच्या कराराला त्यांनी नाव दिले ‘गिरमिट’. त्यांतली पुष्कळ बिहारकडची, काही तामिळ-तेलुगू मुलुखातली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली, रत्नागिरीकडची. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून ती आत गेली, त्या पायऱ्या अजून आहेत. त्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात, आणि २००६ साली तिची जागतिक वारशात नोंद झाली आहे.

मळ्यावर देखरेखीला असे ‘सरदार’. मजूर आणणारा तोच, कर्ज देणारा तोच, आणि वेळप्रसंगी मारणाराही तोच. सर्वांत जाच होता तो ‘डबल कट’चा. म्हणजे एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप आला तरी कापायची. हे मी मुलांना सांगत होतो. दाराशी एक बाई मुलाचा दाखला न्यायला आली होती. तिचे बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघणार होते. ती कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, “तेच की हो सर. आमच्यात खाडा म्हणतात.”

मी चमकलो. मग तिनेच समजावून सांगितले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसे मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. मुकादम दिवाळीआधीच ‘उचल’ देतो. ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुन्या कर्जात जाते. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, ती अंगाने फेडायची. दोघांतला एक आजारी पडला की कोयता मोडला. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. तो खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न उठला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एवढ्या टोकाला बाई का जाते, याचे एक कारण हा खाडाच होता. सातासमुद्रापलीकडचा डबल कट आणि शहागडच्या अलीकडचा खाडा. मधे दीडशे वर्षे गेली, गुलामगिरी गेली, गिरमिट गेले, इंग्रज गेले, निजाम गेला. फक्त हिशेबाची वही तीच राहिली.

बाईने मग एक प्रश्न विचारला. “ते लोक पट्टा पडल्यावर माघारी आले का?”

मी म्हणालो, “काही आले. जास्त तिथेच राहिले.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “एका जागी तरी राह्यले.”

तिच्या या ‘बरं झालं’ने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. आपण शहरातली माणसे घर सोडून गेलेल्यांची कीव करतो. हिला त्यांचा हेवा वाटत होता!

आणि विचार केला तर तिचे म्हणणे खरे आहे. तिथे राहिलेल्या मराठी माणसांनी काय केले? मळ्याच्या कडेला झोपड्या बांधल्या. मजुरीतून वाचवून तुकडा-तुकडा जमीन घेतली. कारकुनाने कागदावर बापाचे नाव लिहिले तेच आडनाव होऊन बसले. भिवाजी, बाबाजी अशी आडनावे तिथे अजून ऐकू येतात. बोलायला क्रिओल आली, म्हणजे गुलामांनी फ्रेंच धन्यांच्या भाषेची मोडतोड करून केलेली आपली भाषा. आज तिथला मराठी मुलगा मित्राला ‘बोंझूर’ म्हणतो. पण कोकणातून नेलेली जाखडी त्यांनी सोडली नाही. ‘झाकरी’ नावाने ती अजून नाचतात. १८९६ पासून तिथे गणपती बसतो आणि गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुटी असते. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकायची सोय आहे. नाव फ्रेंच वळणाचे, बोली क्रिओल, पासपोर्ट मॉरिशसचा आणि देवघरात विठोबा-गणपती. फ्रेंचांच्या मळ्यावर आपल्या गरिबांनी जे उभे केले, तसे फ्रेंच सेनापतींना आपल्या मुलुखात शंभर वर्षांत उभे करता आले नाही. त्यांच्याजवळ तोफा होत्या. यांच्याजवळ बायकामुले होती आणि परतीचे दार जवळजवळ बंद होते.

एक गोष्ट इथे विसरता कामा नये. हे सगळे आपोआप झाले नाही. पॅरिसमध्ये जन्मलेला, मूळ जर्मन घराण्यातला अडॉल्फ द प्लेविट्झ नावाचा एक मळेवाला तिथे राहत होता. स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करून त्याने १८७१ साली मजुरांची गाऱ्हाणी लिहून काढली आणि ९४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारात नेला. त्यासाठी त्याने भर रस्त्यात मारही खाल्ला. पण दुसऱ्याच वर्षी विलायतेहून चौकशी आयोग आला, आणि हळूहळू जाच कमी होत गेला. त्या ९४०१ सह्यांतले बहुतेक अंगठेच असणार. पण ज्यांना पाच वर्षे फक्त हात म्हणून मोजले गेले, त्यांची पहिल्यांदा नावे लागली. वस्तीला चूल लागते हे मी वर म्हटले. आता त्यात भर घालतो. वस्तीला नावही लागते. कुठल्या तरी वहीत, कुणाच्या तरी पटावर.

आणि आमच्या फडातल्या बिऱ्हाडाचे दुखणे नेमके तेच आहे. त्यांची चूल वर्षातून दोनदा मोडते. दिवाळीनंतर गावातली मोडायची आणि फडावर पाचटाची, ताडपत्रीची कोपी करून तिथे मांडायची. पट्टा पडला की तिथली मोडायची आणि गावात मांडायची. जिथे ती सहा महिने राहतात तिथे त्यांना ‘ती टोळी’ म्हणतात. गावात परततात तेव्हा ग्रामसभा होऊन गेलेली असते, घरकुलाची यादी लागलेली असते, मुलाचे सहामाहीचे पुस्तक संपलेले असते. ती माणसे परदेशी गेलेली नाहीत. फार तर दोन-चारशे किलोमीटर गेलेली आहेत. पण त्यांना ना इथले गाव पुरते आहे, ना तिथले. मॉरिशसला गेलेल्याने एकदाच देश सोडला. हे दरवर्षी सोडतात.

यावर इलाज झालेच नाहीत असे नाही. कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या. काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहावे आणि शाळेत त्याला दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. माझ्या मित्राच्या वर्गातली सव्वीसांतली आठ मुले अशा आज्यांची आहेत. त्या आज्यांना मी भेटलो. एकीला दिसत नाही, एकीचा गुडघा धरतो. पण पहाटे उठून नातवाला शाळेसाठी तयार करून पाठवतात. पट्टा पडेपर्यंत त्या मोडक्या चुलींवर गाव तग धरून असते. मित्र म्हणाला, “एक आजी वारली की माझ्या पटावरची दोन नावे जातात.”

दाखला न्यायला आलेल्या बाईला तो त्या दिवशी समजावत होता, “मुलाला ठेव की इथं. नाव काढू नकोस.” ती म्हणाली, “ठेवलं असतं सर, पण सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या.” मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही. शेवटी असे ठरले की, दाखला काढायचा नाही. नाव पटावर तसेच ठेवायचे. मुलाने पुस्तके बरोबर न्यायची, आणि ज्या गावच्या फडात टोळी उतरेल तिथल्या शाळेत मित्राने चिठ्ठी द्यायची की, हा आमचा विद्यार्थी आहे, त्याला वर्गात बसू द्यावे. फुटक्या पाटीवर टिकवलेले एवढेसे नाव. पण मुलाने लगेच विचारले, “तिथं माझं नाव घेतेत का हजेरीत?” “घेतील,” मित्र म्हणाला. “मी चिठ्ठीत लिहितो.”

तेव्हा, भगिनी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. फ्रेंच आपल्याकडे सत्ता घेऊन आले आणि चूल न मांडता गेले, म्हणून त्यांचे इथे शब्द राहिले, समाधी राहिली, माणसे राहिली नाहीत. जिथे चूल मांडली तिथे, क्वेबेकला आणि मॉरिशसला, ते आजही आहेत. आणि त्यांच्याच मळ्यावर आपल्या गरिबांनी दुसरी चूल मांडली, ती अजून पेटती आहे. इतिहास सेनापतींची नावे सांगतो. गाव कुणी केले हे विचारायचे असेल तर भाकऱ्या कुणी थापल्या ते विचारावे लागते.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आपल्या घरी करंज्या, शंकरपाळे, चिरोटे झाले असतील, आणि साखर कुठल्या फडातली हे कुणी पुसणार नाही. पुसावे अशी माझी अपेक्षाही नाही. पण महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यात राहणारे आपल्यातले पुष्कळ वाचक आहेत. सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात, नगरला. दिवाळी झाली की आपल्या गावाच्या शिवेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतील. तिथे एखादे नऊ-दहा वर्षांचे पोर पुस्तकाची पिशवी घेऊन आपल्या शाळेच्या दारात उभे दिसले, आणि त्याच्या हातात जालना जिल्ह्यातल्या कुणा गुरुजींची चिठ्ठी असली, तर त्याला आत घ्यायला सांगा. हजेरीत त्याचे नाव घेतात की नाही, तेवढे एकदा पाहून या.